कोरे सर

कोरे सरांचं आडनाव कोरे नव्हतं. ते मुलांनी ठेवलेलं नाव होतं, पण इतकं रुळलं होतं की एकदा विद्यापीठातून पत्रही ‘प्रा. कोरे’ या नावाने आलं आणि सरांनी ते मुकाट्याने सही करून घेतलं. नवीन मुलं तर वर्षभर रजेचे अर्ज त्याच नावाने लिहीत. सर खोडत नसत. “माह्याकडंच आलं ना? मंग झालं,” एवढंच म्हणत.

नावामागचं कारण प्रयोगशाळेत गेलं की कळायचं. मेहकरच्या आमच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवायचे. प्रयोग कोणताही असो, सरांचं पहिलं वाक्य ठरलेलं. “पयले कोरं मोज.” वजन करायचं असेल तर आधी रिकामं पारडं. तापमान घ्यायचं असेल तर शेगडी पेटवण्याआधीचं. काहीच नसताना यंत्र काय दाखवतं ते वहीच्या पहिल्या ओळीत नसेल, तर पुढची दहा पानं कितीही सुबक असोत, सर वही मिटून परत देत. “काही नसताना तुहं यंत्र काय बोलते ते तुले मालूम नाही. मंग काही असताना ते खरं बोलून राह्यलं का खोटं, हे तू कशावरून सांगशील?” आवाज चढत नसे. एसटीच्या चौकशी खिडकीवर गाडीची वेळ सांगावी तसे ते बोलत.

मुलांना ते नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी जानेफळहून रोज बसने यायची, म्हणून मी ‘जानेफळ’. पहिल्या वर्षी याचा राग आला. नंतर त्याची सवय झाली, आणि एम.एस्सी. होऊन सरांच्याच प्रकल्पावर सहायक म्हणून लागले तेव्हा मी स्वतःच फोनवर “सर, जानेफळ बोलतेय,” असं म्हणू लागले होते.

हा प्रकल्प म्हणजे सरांच्या आयुष्यातलं मोठं काम होतं. त्याची सुरुवात भंगारातल्या एका हार्ड डिस्कने झाली. कॉलेजातले जुने संगणक मोडीत निघाले तेव्हा सरांनी एक डिस्क उघडली आणि तिच्यातलं वाचणारं डोकं भिंगाखाली धरून आम्हाला दाखवलं. त्यात धातूंचे अतिशय पातळ थर एकावर एक बसवलेले असतात. जवळपास चुंबकत्व आलं की त्यांच्यातून जाणाऱ्या विजेला होणारा अडथळा किंचित बदलतो. तो बदल मोजला की चुंबक आहे हे कळतं, मग ते चुंबक डोळ्यांना न दिसण्याइतकं लहान का असेना. “हे डोकं आकडे वाचते,” सर म्हणाले, “त्याले दुसरं काही वाचायले शिकवता येईन का, ते पाहू.”

दुसरं काही म्हणजे नॅनोकण, डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक लोहाचे चुंबकीय कण. ते आम्ही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत स्वतः बनवत असू. लोहाच्या दोन क्षारांच्या द्रावणात अमोनिया ओतला की क्षणात सगळं काजळासारखं काळं होतं. बाटलीला बाहेरून चुंबक लावलं की तो काळा रंग एका बाजूला गोळा होतो आणि उरलेलं पाणी स्वच्छ दिसतं. चुंबक काढून बाटली हलवली की पुन्हा सगळं काळं. हे दाखवताना सरांचा चेहरा थोडा उजळत असे. “लय इमानदार कण आहेत,” ते म्हणत. “चुंबक जवळ असलं तोवर चुंबक. काढलं का सगळं इसरून जातात.”

अडचण एवढीच होती की त्या डोक्याला, म्हणजे आमच्या सेन्सरला, कणांपेक्षा बाकीचं जग जास्त दिसायचं. छताचा पंखा, खिशातल्या किल्ल्या, केसातली पिन, सगळ्यांची नोंद आलेखावर व्हायची. दाराबाहेर सरांनी भाजीची प्लास्टिकची टोपली ठेवली होती. आत येण्याआधी घड्याळ, मोबाइल, पिना तिच्यात टाकायच्या. त्यांनी स्वतः पट्टा वापरणं सोडलं होतं, कारण त्याला लोखंडी बक्कल. प्रयोगशाळेत सर पँटला सुती नाडी बांधून वावरायचे आणि कुणी पाहुणा आला की शर्ट बाहेर काढायचे. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून काम करताना घामाच्या धारा लागत. इमारत रस्त्याला लागून होती, त्यामुळे एसटी गेली की आलेखावर एक टेकाड उमटे. सर मान वर न करता सांगत, “लोणार गेली.” मी खिडकीतून पाहत असे. बहुतेक वेळा लोणारच असायची.

हा सगळा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर सरांकडे बरेच दिवस नव्हतं. ते एका डॉक्टर मॅडमनी दिलं. त्या आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नव्याने आल्या होत्या, त्यांचा भाऊ सरांचा जुना विद्यार्थी. शेतात निंदण किंवा पिकांची सोंगणी चालते त्या दिवसांत साप चावलेले रुग्ण त्यांच्याकडे सतत येत. पुष्कळदा साप कुणी पाहिलेला नसायचा. काटा टोचला की दात लागले, लागले तर विष उतरलं की नाही, हे ठरवायला रुग्णाकडे बघत बसण्याशिवाय उपाय नसायचा. विषावरची लस द्यावी तर तिचीही कधीकधी तीव्र प्रतिक्रिया येते. न द्यावी तर वेळ हातची जाते. मॅडम सरांना म्हणाल्या, “कोविडच्या वेळी पट्टीवर थेंब टाकून कळायचं ना, तसं विषाचं कळलं पाहिजे. पण पट्टीवर रेघ दिसण्याइतकं विष रक्तात नसतं.”

सर त्या दिवशी घरी न जाता तिथेच बसले आणि कागदावर आकडेमोड करत राहिले. डोळ्यांना रेघ दिसत नसेल, पण रेघेवर आपले कण बसवले तर सेन्सरला दिसेल. लसीतच विषाला धरून ठेवणारी प्रतिपिंडं असतात. ती कणांवर चढवायची. रक्तात विष असलं तर कण त्याला चिकटतील आणि पट्टीवरच्या ठरलेल्या जागी अडकून राहतील. मग पट्टी सेन्सरवरून सरकवायची आणि कण किती ते मोजायचं. सगळ्या परवानग्या मिळायला वर्ष गेलं. त्या वर्षात आम्ही कण बनवत राहिलो आणि कोऱ्या पट्ट्या मोजत राहिलो.

हे शब्दशः खरं आहे. सरांनी माझ्याकडून शेकड्यांनी कोऱ्या पट्ट्या मोजून घेतल्या. सकाळच्या, दुपारच्या, पावसाळी हवेतल्या, वीज जाऊन आल्यावरच्या. माझ्याबरोबरच्या मैत्रिणी पुण्याला जाऊन नोकरीला लागल्या होत्या. त्या फोनवर विचारत, “आज काय मोजलंस?” मी सांगत असे, “काहीच नाही.” त्यांना तो विनोद वाटायचा.

मग नमुने यायला लागले. डॉक्टर मॅडम साप चावलेल्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने, त्यांची संमती घेऊन, नाव न लिहिता फक्त क्रमांक घालून पाठवत. निरोगी रक्त आम्ही कॉलेजातल्याच लोकांचं घेतलं. पहिल्या महिन्यातच निकाल असा आला की मी तीन वेळा तपासला. रुग्णांचे आकडे सगळे वर, निरोगी माणसांचे सगळे खाली, मध्ये स्वच्छ मोकळी जागा. मॅडम येऊन आलेख बघून गेल्या. पुण्यातल्या एका परिषदेत आमचा निबंध स्वीकारला गेला आणि तो मी वाचावा असं सरांनी सुचवलं. त्याच आठवड्यात मला तिथल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी मुलाखतीचं बोलावणं होतं. ज्यांच्यापुढे मुलाखत, ते परिषदेलाही येणार होते. आईने माझ्यासाठी साडी आणली. जानेफळात पाहुण्यारावळ्यांना कळलं की पोरीने सापाचं मशीन काढलं.

सर मात्र आलेखाकडे पुन्हा पुन्हा पाहत होते. “चांगलं आलं,” म्हणाले, “लयच चांगलं आलं.” एक गोष्ट त्यांना खटकत होती. मोजताना सेन्सरजवळ विजेचं चुंबक चालू असे; ते बंद केल्यावर आकडा पार खाली यायला हवा. आमचे कण तर सगळं विसरून जाणारे. पण रुग्णांच्या पट्ट्यांवर थोडासा आकडा मागे उरत होता. मी म्हटलं, यंत्र तापलं असेल. सर म्हणाले, “असेन.”

परिषदेला आठ-नऊ दिवस राहिले असताना त्यांना कपाटात एक पट्टी सापडली. एका रुग्णाचा नमुना माझ्या हातून सांडला होता, त्यामुळे ती तशीच राहिली होती. क्रमांकाची चिठ्ठी मागे चिकटवलेली, पण थेंब पडलेला नाही. सरांनी ती सेन्सरवरून सरकवली. आकडा वर गेला, थेट रुग्णांच्या रांगेत जाऊन बसला.

“हिच्यावर काही सांडलं असेल, सर,” मी म्हणाले.

त्यांनी ब्लेडने मागची चिठ्ठी हलकेच सोडवली आणि पट्टी पुन्हा सरकवली. आकडा खाली आला. मग नुसती चिठ्ठी प्लास्टिकच्या तुकड्यावर ठेवून सरकवली. आकडा वर.

“जानेफळ, ह्या चिठ्ठ्या कोठच्या?”

“डॉक्टर मॅडमकडून येतात. नमुन्याबरोबर छापलेल्या.”

“अन् निरोगी लोकांच्या?”

त्या मी पेनने लिहिल्या होत्या. सांगायला तोंड उघडलं आणि मला सगळं कळलं. काही प्रिंटरच्या काळ्या भुकटीत लोहाची चुंबकीय पूड असते, आणि चुंबक काढलं तरी ती सगळं विसरत नाही. पट्टी लहान, चिठ्ठी लावायला दुसरीकडे जागा नाही, म्हणून मी ती बरोबर रेघेच्या मागे लावत होते. महिनाभर आमच्या सेन्सरने विष मोजलं नव्हतं. कागदावर छापलेला रुग्णाचा क्रमांक मोजला होता.

सर स्टुलावर बसले. “सेन्सर चांगला आहे आपला,” ते म्हणाले. “शाई वाचली त्याने.”

निबंध मागे घ्यायचा, हे त्यांनी विचारलं नाही, गृहीतच धरलं. मी विनवण्या केल्या. फक्त उपकरणाचं वर्णन वाचते, आकडे नंतर देऊ म्हणते, असं सुचवलं. स्वीकारलेल्या गोषवाऱ्यात आकडेच मुख्य होते, त्यामुळे ते जमणारं नव्हतं, आणि हे मलाही ठाऊक होतं. सर पत्र लिहायला बसले तेव्हा माझा ताबा सुटला. मी म्हणाले, “सर, तुम्हाला कधी पुढे जायचंच नव्हतं. वीस वर्षं इथेच कोऱ्या पट्ट्या मोजत बसलात. आता मलाही तसंच बसवून ठेवा.”

त्यांनी लिहायचं थांबवलं नाही. पत्र पूर्ण केलं, वाचायला माझ्याकडे दिलं. त्यात चूक कशी झाली ते सविस्तर होतं. चिठ्ठ्या कुणी लावल्या, ते नव्हतं. ‘माझ्या देखरेखीत राहिलेली त्रुटी’ असे शब्द होते. मी ते वाचलं आणि टोपलीतून माझं घड्याळ घेऊन बसस्टँडवर गेले. मुलाखतीला मी गेले नाही. तेव्हा त्याचं कारण मी स्वतःला निराळं सांगितलं, पण खरं कारण असं की तिथे कुणी निबंधाबद्दल विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

आठवड्याने मी परत कामावर आले. सर म्हणाले, “ये जानेफळ. अमोनिया संपला, इंडेंट लिहून टाक.” मी मागणीपत्र लिहायला बसले.

पुढची दीड वर्षं खरं काम झालं. चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहून पट्टीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. स्थिर चुंबकाऐवजी सेकंदाला कित्येकदा दिशा बदलणारं चुंबक सरांनी हाताने तार गुंडाळून बनवलं आणि त्याच तालावर येणारा संदेश तेवढा वेचून घ्यायची जोडणी केली. त्यानंतर आलेखावरून पंखा गेला, किल्ल्या गेल्या, एसटीही गेली. सरांना त्याचं थोडं वाईट वाटलं असावं. नवे आकडे पहिल्यासारखे देखणे नव्हते. काही रुग्णांत विष स्पष्ट दिसायचं, काहींत निरोगी माणसाइतकंच यायचं. कोणत्या विषाला किती, कधीपर्यंत, हे अजून कळायचं होतं.

त्या भादव्यात माझ्या काकूला साप चावला. म्हणजे काहीतरी चावलं. सकाळी गुरांना घालायच्या कुटाराच्या ढिगात हात घातला आणि टोचल्यासारखं झालं. मनगटाजवळ दोन बारीक ठिपके होते, सूज नव्हती. काकाने मोटारसायकलवर तिला मेहकरला आणलं. डॉक्टर मॅडमनी चोवीस तास ठेवायला सांगितलं आणि नेहमीप्रमाणे संमती घेऊन नमुना आमच्याकडे पाठवला. तासाभरात मी तो मोजला. आकडा कोऱ्या पट्टीइतका होता.

काकाचा फोन आला. “काय म्हणते वं तुहं मशीन?”

मी म्हणाले, “मशीनवर काही नाही आलं, काका.”

मी तेवढंच म्हणाले. सरांना मी हे सहज सांगितलं. ते पट्टी हातात घेऊन उभे होते. ती खाली ठेवली, पायात चपला सरकवल्या आणि स्कूटरची किल्ली टोपलीतून उचलून म्हणाले, “बस मांगं.”

आम्ही पोचलो तेव्हा काका दवाखान्याच्या वऱ्हांड्यात डॉक्टर मॅडमशी बोलत होता. रुग्ण स्वतःच्या जबाबदारीवर नेतो, असं लिहून द्यायला तो तयार होता. काकू शेजारी उभी होती, पदर सावरत. “मले काहीच नाही झालं. घरी गुरं बांधून हायेत,” ती म्हणाली.

“भाऊ,” सर काकाला म्हणाले, “मी त्या मशीनचा माणूस.”

“हाव सर. पोरीनं सांगितलं ना, काही नाही आलं म्हणून.”

“मशीनले दिसलं नाही, इतकंच झालं. नसल्यानं दिसलं नाही, का असून दिसलं नाही, ते आमाले अजून समजत नाही. ते मशीन अजून शिकून राह्यलं. त्याच्या भरवशावर मी माह्या घरचं माणूस नेलं नसतं.”

“मंग कायले बनवलं थे?” काकाने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होता.

“एखाद्या दिवशी भरवसा ठेवता यावा म्हणून,” सर म्हणाले. “आज नाही येत. तुमी बसा. मीही बसतो.”

आणि ते बसले, वऱ्हांड्यातल्या बाकावर, काकाच्या शेजारी. त्या दिवशी त्यांचे दोन तास होते, ते त्यांनी फोन करून दुसऱ्याला दिले. काकाशी ते मक्याबद्दल बोलत राहिले. धामणगाव बढ्याला त्यांची थोडी शेती होती, त्यामुळे बोलायला विषय होते. मॅडमनी काकूला परत पलंगावर निजवलं. मी भिंतीला टेकून उभी होते.

दीड वाजता काकू पलंगावरून म्हणाली, “डॉक्टरीणबाई दोन दोन दिसून राह्यल्या.” मग तिला पापण्या उघड्या धरता येईनात. पुढचं सगळं मॅडमनी केलं. लस सुरू झाली, श्वासाची पिशवी तोंडावर धरून एक परिचारिका रुग्णवाहिकेत चढली आणि काकूला बुलढाण्याला हलवलं. चार दिवस ती यंत्राच्या श्वासावर होती. पाचव्या दिवशी तिने पाणी मागितलं. जानेफळच्या रस्त्यावर, मोटारसायकलच्या मागच्या सीटवर तिचा श्वास बंद पडला असता तर काकाला काय करता आलं असतं, हा विचार मी त्या दिवसांत पुष्कळदा केला.

सरांनी मला एकदाही बोल लावला नाही. काकू घरी आल्यावर काही दिवसांनी, पट्ट्या कापता कापता म्हणाले, “तू काकाले आकडा सांगितला. आकड्याच्या संगं जे सांगायचं असते ते राहून गेलं. तिथं मीही कमी पडलो. आकडा कोणाले सांगायचा, कसा सांगायचा, हे तुले शिकवलंच नाही.” त्यानंतर आमच्या अहवालात प्रत्येक तक्त्याखाली एक ओळ येऊ लागली. या उपकरणाला किमान किती विष दिसू शकतं, त्याहून कमी असल्यास काय, याची. शुद्ध मराठीतली ती ओळ सरांनी चार वेळा बदलली होती.

पुढच्या वर्षी मला पुण्यात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. सरांच्या शिफारसपत्रात माझं कौतुक मोजकंच होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘हिच्या हातून झालेल्या चुका मला माहीत आहेत आणि त्या हिने पुन्हा केलेल्या नाहीत.’ मुलाखत घेणाऱ्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि कोणत्या चुका, असं विचारलं. या वेळी मला सांगता आलं. चिठ्ठीची गोष्ट सांगितली, काकूचीही सांगितली. प्रवेश त्यावर मिळाला, असं माझं मत आहे.

सर निवृत्त झाले आणि धामणगाव बढ्याला राहायला गेले. सेन्सर, तारांचं चुंबक, पट्ट्यांचे डबे, सगळं त्यांनी पुण्याला आमच्या प्रयोगशाळेत पाठवून दिलं होतं, प्रत्येक डब्यावर हाताने लिहून. मी त्यांना भेटायला गेले ते दोन वर्षांनी. ते ओट्यावर बसून मक्याची कणसं सोलत होते. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, चहा आणला. कामाचं सगळं विचारून झालं. नव्या सेन्सरला पूर्वीच्या दहावा हिस्सा विष दिसतं, हे ऐकून त्यांनी मान हलवली आणि कशावरून, असं विचारलं. मी सांगितलं. त्यांचं समाधान झालं.

निघायच्या आधी मी म्हणाले, “सर, त्या दिवशी मी जे बोलले, पत्र लिहिताना, त्याची माफी मागायची राहिली आहे.”

त्यांनी पुढचं कणीस सोलायला घेतलं. “कोठचं मागं पडलेलं काढलं तू,” म्हणाले. मग म्हणाले, “ते अर्धं खरं होतं, जानेफळ.”

मी उचललेली पिशवी परत खाली ठेवली.

“पत्र धाडलं ते बरोबरच होतं. आजही धाडीन. पण तू म्हटलं, तुम्हाला पुढे जायचंच नव्हतं. मी घरी येऊन हिले सांगितलं, पोरीनं बरोबर जागी बोट ठेवलं म्हणून. तरुणपणी माह्याकडं चांगलं काम होतं. लिहून धाडायचं सोडून मी मोजतच राह्यलो. अजून एकदा पाहू, अजून एकदा पाहू. लोकाईले वाटे सर लय काटेकोर. मले मालूम होतं, मी भेलो होतो. चूक निघन म्हणून.” त्यांनी सोललेलं कणीस टोपल्यात टाकलं. “मोजणं अन् भेणं, दोन्ही बाहेरून सारखंच दिसते. माणसाले आतून समजते. तुह्यात ते आलं असन माह्याकडून, तर काढून टाक.”

बाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “आता जेवूनच जा.” मी जेवून निघाले. सर बसपर्यंत सोडायला आले आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी पावसाबद्दल बोलत राहिले.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. हृदयविकाराचा झटका आला, मोताळ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बाईंचा फोन मला दुसऱ्या दिवशी आला. मी तेराव्याला गेले. घरात माणसं खूप होती, त्यातले बरेच त्यांचे विद्यार्थी, आणि एकमेकांची ओळख करून देताना ते गावांची नावं सांगत होते. बाईंपाशी थोडा वेळ बसले. परत येताना बुलढाण्याला गाडी बदलली आणि घरी न थांबता पुण्याला आले.

माझ्याकडे आठ महिन्यांपासून एक निबंध पडून होता. दोनशेवर रुग्णांचे नमुने, तीन दवाखाने, स्वच्छ कोऱ्या नोंदी. सहकारी विचारत होते, कधी पाठवणार. मी म्हणत होते, अजून एकदा तपासते. परत आल्यावरच्या सोमवारी मी तो शेवटचा वाचला, सरांचं नाव सहलेखकांत घातलं, नावापुढे दिवंगत असल्याची खूण केली आणि पाठवून दिला. दहा आठवड्यांनी परीक्षकांचं उत्तर आलं. तिसऱ्या तक्त्यात एक चूक होती, माझीच. ती दुरुस्त करून निबंध मी त्याच दिवशी परत पाठवला.